पूर्ण एक मिनिट

नर्सिंगच्या जीएनएमला प्रवेश मिळाला तेव्हा कॉलेजनं सामानाची यादी दिली होती. पांढरे बूट, कात्री आणि 'सेकंदकाटा असलेलं घड्याळ'. आण्णांनी उमरग्याच्या बाजारातून चावीचं एचएमटी आणलं, तेही पुरुषी. पट्टा काढून मी ते सेफ्टी पिनेनं छातीवर उलटं अडकवलं. हात कोपरापर्यंत धुता यायला हवेत, म्हणून नर्सनं मनगटावर घड्याळ बांधू नये. आज तेच घड्याळ माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात 'साधने' या प्रकरणात जाऊन बसलं आहे.

असलं घड्याळ मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. आमचं गाव लोहारा तालुक्यातलं, सास्तूरच्या अंगाला. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं, भूकंप. गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. माळवदाची घरं, रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहतं म्हणून त्या मातीचं केवढं कौतुक! त्याच मातीखालून आजीला काढलं. मी नऊ वर्षांची होते. तंबूत सोलापूरकडून आलेल्या, छातीवर असलंच घड्याळ लावलेल्या एक सिस्टर आजीचं मनगट धरून बसल्या होत्या.

"काय बघायलाव?" मी विचारलं.

"थांब ग बाळ, मोजतेय," एवढंच म्हणाल्या आणि माझ्यामुळं चुकलेली मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली.

त्या नाडी बघत होत्या, असं मी पुढची नऊ वर्षं समजत होते. जीएनएमच्या पहिल्या वर्षात कळलं, की ती एक जुनी लबाडी आहे. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून बोटं नाडीवर ठेवायची, नजर छातीवर, आणि रोग्याला पत्ता लागू द्यायचा नाही. तेही पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही.

शिकवलं हे असं, आणि वॉर्डात गेल्यावर दिसलं वेगळंच. ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब यंत्र सांगतं. श्वास कुणीच सांगत नाही, त्यामुळे ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टवर सगळ्यांचा श्वास वीस. पोट फुगलेल्या म्हाताऱ्याचा वीस, हर्नियाच्या पोराचा वीस, अगदी सुट्टी होऊन घरी निघालेल्याचाही वीस. मीही वीसच लिहायचे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नाईटला एक बाळंतीण होती, झटके येऊन गेलेली, मॅग्नेशियम सल्फेटवर. या औषधाचा पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात. गुडघ्याला ठोकल्यावर पाय उडतो का, लघवी पुरेशी होते का, आणि श्वास मिनिटाला किमान 16 आहे का. वॉर्ड भरलेला होता, खाली गाद्या टाकलेल्या. मी वीस लिहिलं. ओव्हर घ्यायला आलेल्या सीनियर सिस्टरनी पदराआड हलणारी छाती पाहिली आणि घड्याळ हातात घेतलं. अकरा. डोस थांबला, कॅल्शियम ग्लुकोनेट गेलं, बाई वाचली. सिस्टर मला एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या वीसवर एक सरळ रेघ मारली, शेजारी 11 लिहिलं आणि सही केली. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे पोस्ट बेसिक झालं, एमएस्सी झालं. आपल्याकडं या शिडीची गंमत अशी, की दर पायरीला नर्स खाटेपासून लांब जाते. एमएस्सी झाली की ट्यूटर, मग फळा आणि पेपर तपासणं. जास्त शिकलेली सिस्टर वॉर्डात दिसली, की लोक विचारतात, "अजून इथंच?" माझी एक बॅचमेट टेक्सासला असते. ती डीएनपी करतेय, डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस. केंटकी विद्यापीठानं ही पदवी 2001 मध्ये सुरू केली. 2004 मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनं प्रगत सेवेसाठी हीच पदवी असावी असा ठराव केला. तिचा प्रकल्प तिच्याच वॉर्डात चालतो आणि तिचे परीक्षक विचारतात, रोग्याचं काय बदललं? आपल्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत ही पदवी नाही. मग मी पीएच.डी.लाच नाव घातलं आणि विषय मात्र खाटेजवळचा निवडला: श्वास का मोजला जात नाही.

पहिल्या मुलाखतीत एक सर हसले होते. "श्वास मोजायला डॉक्टरेट?" मी त्यांना गडचिरोलीचं सांगितलं. 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुईणींसाठी श्वास मोजायचं साधन केलं होतं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा 50, त्यापुढं पाच वर्षांपर्यंत 40, की न्यूमोनियाची शंका घ्यायची. दहाच्या पुढची मोजदाद न येणारी बाई जे करू शकते ते आम्ही तीन वर्षं शिकून का करत नाही?

आळस हे उत्तर सोपं आहे, म्हणून मला ते पटत नाही. नाईटला पन्नास रोगी आणि एक सिस्टर असेल, तर फक्त श्वास मोजायला पन्नास मिनिटं जातात. चार तासांनी पुन्हा पन्नास. त्यात सलाईन, इंजेक्शनं, रजिस्टरं आणि "सिस्टर, आमचं पेशंट बघा की" हे सगळं बसवायचं. वीस हा आकडा त्या गर्दीतून आलेला आहे. माझा निम्मा प्रबंध त्या मिनिटाच्या शोधात गेला: ते कुठल्या रजिस्टरमधून काढायचं, आणि कुठल्या रोग्याला आधी द्यायचं.

परवा गाइड मॅडमनी विचारलं, "साधन विश्वासार्ह आहे, याचा पुरावा?" मी आठवडाभर एचएमटी मोबाईलशी ताडून पाहिलं. दिवसाला चाळीस सेकंद मागं पडतं. म्हणजे मिनिटाला एका सेकंदाचा छत्तिसावा भाग. तेवढ्यात कुणाचा श्वास हुकत नाही, असंही मी खाली लिहिलं होतं. मॅडमनी ते वाक्य खोडलं, आकडा ठेवला.