मोत्याची डायरी

शनिवारी तुमसरला घरी पोचलो, तर मोत्या फाटकाशी आलाच नाही. मागे सांदवाडीत होता, दारू प्यायल्यासारखा लटपटत. आई म्हणाली, "बाबू, त्या गोळीनंच असा झाला तो. काल रात्री अन् आज सकाळी दिलीच नाही मी."

माझ्या पोटात धस्स झालं. मोत्याला फिट्स येतात. दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन सुरू केलं, दर बारा तासांनी. सुरुवातीचे दोनेक आठवडे गुंगी, झोकांड्या, सारखी तहान-भूक हे चालायचंच. पुढे झोकांड्या बहुधा कमी होतात. पण गोळी एकदम तोडली की उलट जोरात फिट येऊ शकते. हे सगळं मला ठाऊक होतं. आईला सांगितलंच नव्हतं! फोनवर फक्त 'वेळेवर दे गं'. ऑफिसात डॉक्युमेंटेशनवर तासभर लेक्चर देणारा मी... असो.

डॉक्टरांना फोन लावला. नेहमीचाच डोस लगेच द्या, दुप्पट नको, म्हणाले. रात्री आम्ही दोघं ओसरीवर बसून. तीनच्या सुमाराला फिट आलीच. हातात घड्याळ, कारण पाच मिनिटांच्या वर गेली तर जिवावर बेततं. दीड मिनिटात थांबली.

सकाळी जुन्या डायरीत रकाने आखले: गोळी, पाणी, लघवी, चाल. खाली ठळक अक्षरात लिहिलं, की खाणं सोडलं, उलट्या झाल्या किंवा डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना. हे औषध लिव्हरला त्रास देऊ शकतं.

काल आईचा फोन. 'चाल' खोडून तिने तिथे लिहिलंय, 'फाटकापर्यंत आला का?' तीन दिवस 'नाही' होतं. काल 'हो'.