नाणेफेक

बंगळूरास बदलून आल्यावर आमच्या भत्त्याचे प्रकरण दोन कचेऱ्यांत अडकले. पहिली म्हणे, दुसरीचा शेरा येऊ द्या. दुसरी म्हणे, पहिलीची मंजुरी येऊ द्या. सात महिने उभयतांनी नियम तंतोतंत पाळला. मुलीची फी आम्हांस उसनवारीने भरावी लागली.

त्याच सुमारास संगणकाच्या व्यवसायातील एका शेजाऱ्याने डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली मांडलेले, पुढे तत्त्वज्ञांच्या जेवणाचे म्हणून गाजलेले कोडे आम्हांस सांगितले. गोल मेजाभोवती पाच तत्त्वज्ञ. दर दोघांत एक काटा. जेवायला दोन काटे हवेत. सर्वांनी एकदमच डावा उचलून धरून ठेवला, की सारे उपाशी! एकाच वेळी चालणाऱ्या आज्ञावलींचे दुखणे हेच. १९८१ साली लेमान आणि राबिन यांनी दाखविले, की सर्वांस एकच नियम आणि मध्यस्थ कोणी नाही, अशा स्थितीत ठरीव नियमाने ही कोंडी टळतच नाही. मात्र आधी कोणता काटा घ्यावा हे प्रत्येकाने नाणे उडवून ठरविले आणि दुसरा न मिळाल्यास पहिला खाली ठेवला, तर कोणी तरी जेवण्याची संभाव्यता पूर्ण एक होते. म्हणजे नाणेफेक लिहिता येणारी संगणकभाषा, ती न येणारीहून खरोखरच समर्थ! व्याकरणे ताडून हा निवाडा झाला नसता.

येथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतील विश्वनाधम् आणि नरहरी यांनी १९९२ च्या ग्रंथात कारखान्यांतील यंत्रांच्या अशा कोंडीचा संभाव्यतेच्या अंगाने विचार केला आहे.

आम्ही मोठ्या उत्साहाने ही हकीकत कचेरीतील वयस्क कारकुनांस ऐकविली. त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, नाणे उडवायला मंजुरी कोणाची घ्यायची?"