हुकूम आणि पोच

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी हौसेने उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. ते पाहायचेच, असा धाकट्याचा हट्ट! गेलो. एका दालनात सारे गावच मांडलेले. वीतभर डब्यांच्या गाड्या पळत होत्या, सांध्यावर येऊन रूळ बदलत होत्या.

बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, "पप्पा, सांधा कुठे वळलाय हे लांब बसलेल्याला कसं कळतं?"

प्रश्न साधा, पण मी निरुत्तर झालो.

घरी येऊन आम्ही बापलेकांनी प्लायवूडच्या फळीवर रूळ मांडले, नियंत्रण फलक केला. एका कळीने सांध्याची मोटर फिरे. त्याच कळीला दिवे जोडले : सरळ मार्गाला हिरवा, वळणाला पिवळा. मोठी ऐट वाटली! चौथ्या दिवशी सांध्याच्या पात्यात आगकाडीचा तुकडा अडकला. कळ दाबली, पिवळा लागला, आणि इंजिन घसरले. दिवा खोटे बोलला होता. आम्ही काय हुकूम सोडला तेवढेच त्याला ठाऊक. तो पाळला गेला की नाही, याची त्याला खबर नव्हती.

मी कारकून माणूस. जावक वहीत नोंद झाली म्हणजे पत्र पोचले असे होत नाही, पोचपावती लागते. मग पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मायक्रोस्विच बसवला. पाते त्या टोकाला पुरते टेकले, तरच त्या बाजूचा दिवा लागतो. वीज १२ व्होल्टची. प्रत्येक एलईडीला एक किलोओहमचा रोधक, म्हणजे प्रवाह साधारण १० मिलिअँपिअर. दोन्ही दिवे विझलेले दिसले, की समजावे सांधा अधांतरी आहे, गाडी सोडू नये.

वाचकहो, हा पोरखेळ नव्हे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, सांधा मात्र लूप मार्गाकडे वळलेला होता. गाडी तिथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे गेली. त्यांत पोटासाठी परमुलखात निघालेले कितीतरी मजूर होते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या तारांची चुकीची जोडणी पुढे आली.

परतीच्या गाडीत मुले खिडकीशी भांडत बसली होती. पुणे सोडताना चाके सांध्यांवरून खडखडत गेली. ती खडखड आम्ही पूर्वीही ऐकली होती, पण आता धाकटा घरच्या फळीवर प्रत्येक गाडी सोडण्याआधी मोठ्याने विचारतो, "पोच आली का?" आणि दिवा पाहिल्याशिवाय मी होय म्हणत नाही.