न उडालेल्या रॉकेटचा फोटो

१५ जुलै २०१९, श्रीहरिकोटा. चांद्रयान-२ पहाटे २:५१ ला उडणार होतं. प्रेक्षक गॅलरीत मी कॅमेरा लावून तयार. खुद्द राष्ट्रपती केंद्रात हजर. आणि ५६ मिनिटं उरली असताना काउंटडाऊन थांबलं. तांत्रिक अडचण!

शेजारचे काका वैतागले, "एवढ्या लांबून आलो, फुकट गेलं." मीही खट्टू झालो, खोटं कशाला बोलू?

२२ जुलैला दुपारी २:४३ ला तेच रॉकेट झकास उडालं. मी घरी टीव्हीसमोर. तेव्हा पटलं, मोठे पाहुणे आलेत म्हणून त्यांनी काम रेटून नेलं नाही. आपल्याकडे मात्र उद्घाटनाची तारीख आधी ठरते, पूल नंतर पुरा होतो.

माझ्याकडे उड्डाणाचा फोटो नाही मंडळी. अंधारात परतणाऱ्या गर्दीचा आहे. तोच जपून ठेवलाय.