कर्ता ओळखा

माझं अक्षर चांगलं आहे, एवढ्या एका कारणावरून मैदानावरचा फळा माझ्या गळ्यात पडला.

सोमवार ते शुक्रवार मी आठवी-नववीच्या मुलांना मराठी शिकवते. शनिवार-रविवारी सकाळी स्कूटर काढून सासवड रस्त्याने हडपसरच्या ग्लायडिंगच्या मैदानावर जाते. तिथे मी स्वतः विद्यार्थिनी. माझं वय 43 आणि रांगेत माझ्या पुढेमागे उभी असलेली मुलं सतरा-अठराची. ती मला बाई म्हणतात. ऐकून ऐकून प्रशिक्षक सरही बाई म्हणायला लागले आणि विंच चालवणारे काका तर पहिल्या दिवसापासून. पहिल्याच महिन्यात कुणीतरी म्हणालं, "बाई आहेत, तर फळा त्यांनीच लिहावा." झालं.

ज्यांनी ग्लायडर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, सुमारे किलोमीटरभर लांब, विंच असतं. विंच म्हणजे एक दणकट इंजिन आणि पोलादी दोराचं मोठं रीळ. दोराचं टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवायचं. एकाने पंखाचं टोक उचलून धरायचं, दुसऱ्याने झेंडा दाखवायचा. दोराची ढील निघते, मग काका इंजिन पिळतात आणि पतंगाला हिसडा बसावा तसं ग्लायडर आभाळात चढतं. पाऊण मिनिटात 300 मीटर. वर गेल्यावर पिवळी मूठ ओढायची, की दोर सुटतो. कानाशी फक्त वाऱ्याची सळसळ राहते. आमच्या शिकाऊ ग्लायडरसारखं ग्लायडर शांत हवेत 1 मीटर खाली येईपर्यंत 30 मीटरच्या वर पुढे जातं. वर उचलणारी गरम हवा सापडली नाही, तर पाच-सहा मिनिटांत खेळ खलास.

शनिवारी माझ्या वाट्याला अशी दोन उड्डाणं येतात, म्हणजे बारा मिनिटं. उरलेले सहा-सात तास मी उतरलेलं ग्लायडर ढकलत परत आणते, दोर ओढून आणायला गाडीत बसते, उन्हात पंख धरून धावते, वहीत वेळा टिपते. सगळेच हे करतात. एकटा माणूस ग्लायडर उडवू शकत नाही, हे पहिल्या दिवशी खांदे दुखायला लागले तेव्हाच कळतं.

आता फळा. शेडच्या भिंतीवर चार बाय सहाचा काळा फळा, शाळेत असतो तसाच. डावीकडे वाऱ्याची दिशा आणि वेग, आज कोण उडणार, कितव्या क्रमांकावर. उजवीकडे बातम्या. माझ्या आधी तिथे कसंबसं लिहिलेलं असायचं: 'दोर बदलला. जुना वापरू नये.' मी सूत्रं हाती घेतली आणि फळ्याचा कायापालट केला. रंगीत खडू आणले. ज्याने एकट्याने पहिलं उड्डाण केलं त्याचं नाव वेलबुट्टीत. पुढच्या रविवारी एखाद्या शाळेची मुलं बघायला येणार असतील तर ती सूचना चौकटीत. शाळेच्या सवयीने दिनविशेषही सुरू केला. 10 फेब्रुवारीला लिहिलं, 1929 साली याच दिवशी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. 15 ऑक्टोबरला, 1932 साली त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं.

एकदा भारतात घडवलेल्या ग्लायडरांची नावं लिहिली: अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. आमच्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली नक्षत्रं. सर त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. ते ज्यावर शिकले ते रोहिणी. लाकडी, 1961 साली पहिल्यांदा उडालेलं, आणि त्यात गुरू-शिष्य मागेपुढे नाही तर शेजारीशेजारी बसत. "चुकलो की कोपर बसायचं बरगडीत," सर म्हणाले. मग जाता जाता एवढंच बोलले, "फळा छान झालाय बाई. पण चांगली बातमी फळ्याशिवायही पोचते."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. उलट थोडा रागच आला.

माझं पहिलं एकटीचं उड्डाण झालं ते 58व्या खेपेला. पेढे वाटले. स्वतःचं नाव स्वतःच वेलबुट्टीत कसं लिहायचं म्हणून एका मुलाच्या हाती खडू दिला. त्याने 'बाईंचं अभिनंदन' लिहिताना 'अभिनंदन'चा भि दीर्घ काढला. मी तो तसाच ठेवला.

नंतर एप्रिलमधला एक शनिवार. दुपारचे दोन. पुण्याच्या एप्रिलमध्ये जमीन तापली की गरम हवेचे खांब वर उठतात. आमची सगळी धडपड तेच शोधायची. पश्चिमेचा वारा ताशी 20 किलोमीटरच्या आसपास. काकांनी पुरे 300 मीटर दिले. दोर सोडला, वळले, आणि पूर्वेला फुरसुंगीच्या बाजूला चार घारी गोल फिरताना दिसल्या. पंख न हलवता. घार पंख हलवत नाही तिथे हवा वर चाललेली असते, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मी घारींखाली गेले. उजवा पंख किंचित उचलला गेला, चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओचा काटा शून्याच्या वर सरकला. मी वळण घेतलं. समोरच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा सरळ ठेवायचा असतो; तो वाकडा झाला की ग्लायडर हवेत आडवं घसरतंय असं समजायचं. माझा धागा सरळ होता. काटा वर होता. घारींपैकी एक तर इतकी जवळ आली की तिची मान वळलेली दिसली. तिने मला पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. मी इतकी खूश होते की एकेक फेरी मोजत होते. आठ फेऱ्या. तीन मिनिटं. कमाई 80 मीटर.

एक गोष्ट मात्र मी मोजत नव्हते. गरम हवेचा खांब जागेवर उभा नसतो, तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. त्यात फिरणारा माणूसही वाहत जातो. ताशी 20 किलोमीटरने तीन मिनिटांत 1 किलोमीटर. मैदानापासून आधीच लांब होते, त्यात एवढी भर. आठव्या फेरीनंतर मान वर केली तर मैदान एखाद्या पट्टीएवढं दिसत होतं, आणि ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला होतं.

परत फिरले. खांबातून बाहेर पडलं की आजूबाजूची हवा खाली येत असते. काटा धाडकन खाली गेला, सेकंदाला 3 मीटर. समोरून वारा. जमिनीवरची झाडं सरकेनात. आणि मी तेच केलं जे कुणीही घाबरलेला माणूस करतो: उंची वाचावी म्हणून नाक वर घेतलं. वेग 90 वरून 75 वर आला. वाऱ्याची सळसळ मंदावली. काटा होता तिथेच. मी खाली तितकीच येत होते, फक्त पुढे कमी जात होते.

त्या क्षणी मला काही थोर आठवलं नाही. सरांचा कंटाळलेला आवाज आठवला: "पोचायचं असेल तर नाक खाली, बाई." जमीन जवळ येत असताना नाक जमिनीकडे करायचं, हे हाताला पटत नाही. मी हात पुढे ढकलला. वेग 100. सळसळ परत आली, झाडं सरकायला लागली, खाली ओढणारी हवा मागे पडली. मैदानाला फेरी घालून उतरायची उंची आता नव्हती. सरळ आले, कुंपणाची तार चाकाखालून गेली आणि वीस-पंचवीस मीटरवर टेकले. उतरायची खूण अजून बरीच पुढे होती.

नुकसान काही नाही. ग्लायडरला ओरखडा नाही, मला खरचटलंही नाही. मुलं धावत आली, कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी मिळून ढकलायला सुरुवात केली. सरांनी फक्त दोन वाक्यं उच्चारली. "पुढचे दोन शनिवार मागच्या सीटवर मी. आणि फळ्यावर लिहा."

मी हात धुतले, खडू घेतला, आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं:

'शनिवारी दुपारी एका उड्डाणात परतताना उंची कमी पडली. ग्लायडर खुणेच्या अलीकडे उतरलं. नुकसान नाही.'

संध्याकाळी विंच बंद करून काका आले. काका दिवसभर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकटे असतात. आम्ही त्यांना दिसतो ते लांबून. म्हणून घरी जाण्यापूर्वी ते फळा वाचतात, बोट फिरवत, मोठ्याने. माझ्या ओळीवर ते थांबले.

"उंची कमी पडली," त्यांनी पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी तर पुरी दिली होती, बाई."

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं की आपलं कुठे चुकलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात कुणी 'गृहपाठ राहिला' म्हणालं की मी विचारते, "राहिला? एकटाच राहिला? कर्ता ओळख." माझ्या तीन वाक्यांत कर्ते होते. पहिल्यात उंची, दुसऱ्यात ग्लायडर. तिसऱ्यात नुकसान. व्याकरणाची एकही चूक नव्हती. आणि मी कुठेच नव्हते. मी बाजूला सरकले होते, त्या रिकाम्या जागेत येऊन काका उभे राहिले होते.

मी ओल्या फडक्याने ते पुसलं आणि काकांच्या देखत पुन्हा लिहिलं:

'मी घारींमागे वाऱ्याच्या दिशेने 8 फेऱ्या मारल्या. मैदान किती लांब राहिलं ते मी पाहिलं नाही. परतताना मी नाक वर घेतलं आणि होती ती उंचीही घालवली. मी फेरी न घालता सरळ उतरले, खुणेच्या अलीकडे. विंचने पूर्ण उंची दिली होती.'

काकांनी बोट फिरवत सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट क्षणभर ठेवलं. "आता कळलं," म्हणाले आणि डबा उचलून निघाले.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा माझ्या ओळींखाली कोवळ्या, वाकड्या अक्षरात एक भर होती. 'मी एअरब्रेकची मूठ नीट लॉक न करताच झेंडा द्यायला सांगितला. पंख धरणाऱ्याने पाहिलं आणि थांबवलं.' त्या मुलाला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. दोन आठवड्यांनी आणखी एक. मग एक दिवस सरांच्याच अक्षरात: 'मी विद्यार्थ्याला आज उशिरा सावध केलं.' मुलं त्या ओळीपुढे गुपचूप उभी होती. शिकवणारा माणूसही तिथे लिहितो म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. आणि वाऱ्याच्या दिवशी मैदान मागे टाकून पूर्वेला फार लांब कुणी जाताना मला नंतर दिसलं नाही. घारी अजूनही तिथेच फिरतात.

वेलबुट्टी मी बंद केलेली नाही. एकट्याचं पहिलं उड्डाण हे पेढ्यांचंच काम आहे. दिनविशेषही असतो. पण उजवीकडचा अर्धा फळा आता मोकळा सोडते. तिथे माझं अक्षर लागत नाही. शुद्धलेखनही मी तपासत नाही. फक्त वाक्य 'मी'ने सुरू झालंय का, एवढं पाहते.

माउलींची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे निघते, तोवर आमचा हंगाम संपलेला असतो. पाऊस येतो, ग्लायडर शेडमध्ये जातात, फळा पुसून कोरा करायचा असतो. पुसण्यापूर्वी मी त्या उजवीकडच्या ओळी वहीत उतरवून घेते. गेल्या हंगामात त्या 11 झाल्या. त्यातल्या 3 माझ्या आहेत.