पत्र्यामागचा आवाज

१४ मे, मंगळवार
नाना पेठेतून स्पीकर आणले. ६.५ इंची कॉम्पोनंट जोडी: वूफर वेगळा, ट्वीटर वेगळा, मध्ये क्रॉसओव्हरची डबी. खोक्यावर ठसठशीत ३०० वॅट, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत आरएमएस ५०. धरायचा तो दुसरा आकडा. तेवढेही आपल्या स्टिरिओतून निघणार नाहीतच. गाडी चालू असताना पुरवठा १४ व्होल्टच्या आसपास आणि स्पीकर ४ ओहमचा; हिशेब मांडला तर वेगळा ॲम्प न लावता, आवाज न फाटता, स्पीकरमागे वीस-पंचवीस वॅट मिळाले तरी खूप. मग स्टिरिओच्या तोंडावर ‘५०×४’ कशाला लिहितात? लिहिणाऱ्यालाच माहीत. दुकानदार ॲम्प आणि डिकीतला सबवूफर गळ्यात मारायला टपलेला होता. त्याला म्हटलं, आधी दारं नीट करतो, मग बघू.

१८ मे, शनिवार
ऊन चढायच्या आत पार्किंगमध्ये कामाला लागलो. १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि ड्रायव्हरच्या दाराचं पॅनल काढायला घेतलं. स्क्रू नेहमीप्रमाणे लपवलेले: एक हँडलच्या वाटीत, एक आर्मरेस्टच्या तळाशी. भाचा पेचकस घालून उचकटायला निघाला होता. त्याच्या हातात प्लास्टिकची पट्टी दिली. खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि पट्टी क्लिपच्या अगदी लगत घालायची, नाहीतर क्लिप जागेवर राहते आणि पॅनलचा कान तुटून हातात येतो.

पॅनलमागचा प्लास्टिकचा कागद हळूच सोडवला. बरेच मिस्त्री तो फाडून फेकून देतात. ‘हा कशाला असतो, मामा?’ असं भाच्याने विचारल्यावर त्याला काचेवर बाहेरून मगभर पाणी ओतायला सांगितलं. पाणी काचेच्या रबरातून सरळ दाराच्या आत शिरलं, काचेवरून ओघळत स्पीकरच्या भोकामागून खाली गेलं आणि तळाच्या बारीक छिद्रांतून फरशीवर टपकलं. दार आतून ओलं होणारच, तशीच त्याची रचना असते. तो कागद नसेल तर तेच पाणी पायाखालच्या मॅटमध्ये मुरतं.

१९ मे, रविवार
रिंगा कापल्या. नव्या स्पीकरचं चुंबक जुन्यापेक्षा खोल. काच पूर्ण खाली घेऊन मोजलं तर चुंबक काचेला भिडत होतं, म्हणून मध्ये १८ मिलिमीटरची रिंग. एमडीएफ स्वस्त पडतं आणि लोण्यासारखं कापलं जातं. पण कालचं पाणी पाहिल्यावर भाच्यानेच ते बाजूला ठेवलं. मरीन प्लाय घेतला, जिगसॉने गोल काढला, कानशीने कडा साफ केल्या, वर पॉलिश. काठाला फोमची पट्टी, म्हणजे पत्रा आणि लाकूड एकमेकांवर करकरणार नाहीत.

२५ मे, शनिवार
आजचं काम कंटाळवाणं, घामाचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तीच हवा खेचली जाते. पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटली की खर्ज तिथल्या तिथे मरतो. आणि आतल्या पत्र्याला तर हात जाईल एवढी भोकं! चार हजारांचा स्पीकर असल्या दारात बसवला की फुटक्या डब्यासारखाच वाजणार.

पत्रा रॉकेलच्या बोळ्याने पुसून कोरडा केला. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलच्या फॉइलवाल्या शीट चिकटवल्या, रोलर फिरवून, मधला फुगा दाबून दाबून. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. मधला मोठा सपाट भाग तेवढा जड झाला की पुरे. मग आतल्या पत्र्याची भोकं बुजवली. काचेची यंत्रणा आणि लॉकची सळई मोकळी हलते की नाही ते प्रत्येक वेळी पाहिलं. तळाची छिद्रं उघडीच. दारावर बोटाने टिचकी मारली: आधी ‘टण्ण’ करायचं, आता ‘थप्’.

२६ मे, रविवार
वायर कापल्या नाहीत, कपलर लावले. उद्या कंपनीचे स्पीकर परत बसवायचे झाले तर त्रास नको. घट्ट करण्याआधी १.५ व्होल्टचा सेल क्षणभर दोन टोकांना टेकवला. धन टोक धनाला असेल तर पडदा बाहेर येतो. दोन्ही बाजूंचे पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत, नाहीतर आवाज येतो पण खर्ज गायब, आणि माणूस महिनाभर इक्वलायझरशी झटत बसतो. ट्वीटर आरशामागच्या तिकोनी तुकड्यात. खांबात एअरबॅग असलेल्या गाड्यांत मात्र तिथल्या पिवळ्या कनेक्टरच्या वाटेला जाऊ नये.

भाच्याने ढोल-ताशा लावला. ढोलावर कुठलाही स्पीकर बरा वाटतो. मी तबल्याचा एकल लावला. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घुमक पूर्वी नुसती ‘भद्’ यायची. आज स्वर वर चढताना कळला. स्टिरिओत हायपास ८० हर्ट्झवर ठेवला. त्याखालचं ओझं या आकाराच्या पडद्यावर टाकण्यात अर्थ नाही.

८ जून, शनिवार
दुपारपासून धो धो. संध्याकाळी मॅट उचलून पाहिलं, खाली कोरडं. दाराच्या खिशातली टोलची चिल्लर तेवढी खणखणते; तिला रुमालात बांधलं.

मागच्या दारांचं काय, असं भाचा विचारतोय. मी फेडर पुढे सरकवून टाकलाय. मागे आई बसते, आणि तिला गाण्यापेक्षा पुढच्यांचं बोलणं ऐकू यायला हवं असतं.