पहिला फोड, जुना संसर्ग

संपादकांना कोड किंवा सोरायसिसवर लेख हवा होता. मी हर्पिसवर लिहितो आहे, कारण या पावसाळ्यात येऊन गेलेलं एक जोडपं डोक्यातून जात नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेली. बायकोला जननांगावर पहिल्यांदाच पाण्याचे फोड आले होते. नवऱ्याच्या हातात लॅबचा रिपोर्ट होता, ‘हर्पिस आयजीएम पॉझिटिव्ह’. त्याने एवढंच विचारलं, “म्हणजे हे अलीकडचंच ना, डॉक्टर?”

त्या कागदावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. हा विषाणू त्वचेतून मज्जातंतूत शिरतो आणि कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत जन्मभर राहतो. पहिला फोड आठवड्यात दिसेल, काही वर्षांनी दिसेल किंवा कधीच दिसणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली १५ ते ४९ वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांना या विषाणूच्या टाइप २ चा संसर्ग होता. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. तापानंतर ओठांवर उठणारे फोड बहुधा टाइप १ चे. तो लहानपणी घरच्यांच्या पाप्यांतूनही येतो आणि पुढे मुखमैथुनातून जोडीदाराच्या जननांगावर पोहोचतो.

आता आयजीएम, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार. संसर्ग कधीचा हे ठरवायला त्याची तपासणी बंद व्हावी, असं मी वर्षानुवर्षं सांगतो आहे. जुना संसर्ग पुन्हा उसळला तरी आयजीएम वाढतं, शिवाय ते टाइप १ आणि २ मधला फरकही नीट दाखवत नाही. तरी गर्भपात झाला की गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या ‘टॉर्च’ पॅनेलमध्ये ती सर्रास लिहिली जाते आणि आधीच खचलेल्या बाईच्या हाती आणखी एक संशय पडतो. ताज्या फोडातल्या द्रवाची पीसीआर करावी. रक्तच तपासायचं तर टाइपनुसार आयजीजी हे प्रतिपिंड, आणि तेही कमी आकडा आला तर पुन्हा पडताळून. फोडात विषाणू सापडला आणि त्याच टाइपचं आयजीजी रक्तात अजून तयार झालेलं नसलं, तरच संसर्ग नवा म्हणता येतो. मी नवऱ्यालाही तपासणी सुचवली. तो परत आला नाही. ती एकटी आली, माहेरून.

घरात तिचे टॉवेल, भांडी वेगळी केली होती. याला काहीही आधार नाही. हर्पिस त्वचेच्या थेट स्पर्शातून पसरतो. फोड नसतानाही पसरतो, हे मात्र खरं. टाइप २ च्या रुग्णांत, लक्षणं असणाऱ्यांमध्ये साधारण वीस टक्के आणि नसणाऱ्यांमध्ये दहा टक्के दिवसांत विषाणू सापडला, असं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं. कंडोमने धोका कमी होतो, पण उघड्या राहणाऱ्या त्वचेमुळे पूर्ण जात नाही. २००४ साली १४८४ जोडप्यांच्या चाचणीत बाधित जोडीदाराने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं, तेव्हा आठ महिन्यांत दुसऱ्याला संसर्ग होण्याचं प्रमाण ३.६ वरून १.९ टक्क्यांवर आलं. फोड असताना, किंवा ते येण्याआधीची चुणचुण सुरू झाली की, संबंध टाळायचे.

हर्पिस असलेल्या, लग्न ठरलेल्या मुली विचारतात, सांगू का? मी म्हणतो, सांग, आणि साखरपुड्याआधी सांग. गरोदरपणात जुन्या संसर्गाचा बाळाला धोका एक टक्क्याहून कमी असतो. शेवटच्या तिमाहीत नव्याने झालेल्या संसर्गाचा तीस ते पन्नास टक्के. म्हणून होणाऱ्या नवऱ्याला सोबत घेऊन ये, दोघांना समोर बसवून मी बोलतो. काही मुलगे येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हाच असतो.